कानाडोळा

बटण आत्याला शिवता येतं असा घरात सगळ्यांचा समज होता आणि तिने तो कधी खोडून काढला नव्हता. बाप शिंपी म्हणजे मुलीच्या हाताला सुईची सवय उपजतच असणार, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तिने जन्मभर शिवली ती पुस्तकं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून खिळखिळी झालेली पुस्तकं उसवायची, पानांचे गठ्ठे पुन्हा ओवून शिवायचे, वर नवा पुठ्ठा चढवायचा. हे काम तिला आवडायचं, कारण पुस्तक कधी काखेत काचतंय म्हणून परत येत नाही.

तर त्या दुपारी दादाची सून दारात उभी राहिली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात रीळ. रीळ म्हणजे दादाची पाच वर्षांची नात. रांगायच्या वयात ती रांगली नाहीच, घरभर घरंगळत फिरली, म्हणून रीळ. या घराला नावं पाडायची खोड जुनीच. दादाची जीभ लहानपणापासून चालायची म्हणून तो कात्री, आणि धाकटी गोल चेहऱ्याची, सदा बापाच्या कोटाला चिकटलेली, म्हणून ती बटण. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बटणच.

"आत्या, हिला चिकटपट्टी सोसत नाही हो," सून म्हणाली. रीळच्या उजव्या डोळ्याभोवती लाल कडं उठलं होतं, कुणी गरम कप टेकवून उचलावा तसं. "दुकानातले सगळे प्रकार करून झाले. काढताना भुवईचे केस निघून येतात. डॉक्टर म्हणाले, कापडाची शिवून घ्या, पण डोळा पुरता झाकला गेला पाहिजे. तुमचे दादा म्हणाले, बटणकडे जा, तिचा त्यात अभ्यास आहे."

"माझा हा डोळा आळशी आहे," रीळने डाव्या डोळ्यावर बोट ठेवून आपणहून माहिती दिली. "हा काम करतो आणि हा नुसता बसून असतो."

"माझाही तोच होता," बटण आत्या म्हणाली.

"मग आता?"

"आता सुधारला. अर्धवेळ कामाला जातो."

रीळला हे पटलं असावं. ती आत येऊन बसली. बटण आत्याने कपाटातून चिंध्यांचा डबा काढला, करड्या लोकरी कापडाचा एक तुकडा बोटांत धरला, आणि तिच्या नाकात एकदम वाफेचा वास आला. गरम इस्त्रीखाली ओली लोकर सापडली की येतो तो. घरात इस्त्री तापलेलीसुद्धा नव्हती.

बाबा कोट शिवायचे. फक्त कोट. सदरा आणला तर नम्रपणे शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे मशीन, एका बाजूला अर्धवट कोट घातलेला, मुंडकं नसलेला लाकडी पुतळा, आणि दुसऱ्या बाजूला भिंतभर आरसा. दुकानात महागडी वस्तू तेवढी एकच. गिऱ्हाईक त्या आरशासमोर उभं राहून पोट आत घ्यायचं आणि बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "सोडा साहेब, श्वास सोडा. कोट तुमच्यासाठी शिवायचाय, फोटोसाठी नाही."

बटण तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. फळ्यावरची अक्षरं तिला दिसायची, पण ती बघायची मान वाकडी करून. बाईंनी चिठ्ठी दिली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्यात तसा काही दोष नाही, तो आळशी आहे. उजवा सगळं काम उरकून टाकतो म्हणून हा बसून राहिलाय. उजवा रोज झाकून ठेवायचा, म्हणजे डाव्याला उठावंच लागेल. आणि लवकर, कारण हे लहानपणीच जमतं. पुढे पुढे मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून देतो.

बाबांना ते मुळीच आवडलं नाही. पहिलं म्हणजे आपल्या घरात कोणी आळशी निघावं, हेच. दुसरं म्हणजे हा न्याय.

"जो इमानेइतबारे राबतोय त्याला कोंडायचं," घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आणि जो लोळतोय त्याला मोकळं सोडायचं. हे कुठलं शास्त्र?"

"तुम्ही दुकानात तेच करता," आई म्हणाली. "नवीन कारागिराच्या हाताला वळण लागावं म्हणून स्वतःचा हात मागे घेता ना? तसंच."

आईचा स्वभाव असा, की ती वाद घालायची नाही, बोलून कामाला लागायची.

तेव्हा बाजारात डोळ्यावर बांधायला मिळायचं ते काळं, कडक, दोरी लावलेलं. ते बटणच्या गालाला टोचायचं. बाबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि दुसऱ्याने शिवलेल्या कोटाकडे बघताना त्यांचं तोंड जसं व्हायचं तसं झालं. "याला अस्तर नाही," ते म्हणाले. विषय संपला.

मग बटणचं माप घेतलं गेलं. काउंटरवर तिला उभं करून, गळ्यातली टेप काढून, कपाळ, कानशील, नाकाच्या हाडाचा उंचवटा, गालाचा उतार. मोठ्या माणसाच्या कोटाचं घ्यावं तसं, तोंडात टाचण्या धरून. वरून करडी लोकर, एका बँक मॅनेजरच्या कोटातून उरलेली. आतून काळं साटिनचं अस्तर, उजेड येऊ नये म्हणून. मध्ये कॅनव्हास. पापणी घासता कामा नये म्हणून बाबांनी त्याला एक बारीक चूण घालून वाटीसारखी फुगवटी दिली आणि ती पक्की बसावी म्हणून आईची आमटीची पळी नेली. पळीच्या पाठीवर ओलं कापड, त्यावर तो तुकडा, त्यावर इस्त्रीचं टोक. वाफ उठली. पळी काळी पडून परत आली.

"एका डोळ्यापायी माझी पळी गेली," आई म्हणाली.

"पळीला दोन असतात का डोळे?" दादा म्हणाला. कात्री उगाच नाव नव्हतं.

कच्चे टाके घालून ट्रायल झाली. बाबांनी खडूची खूण केली, उसवलं, पुन्हा टाचलं. शेवटी इलॅस्टिक लावलं, एका बाजूने कानाखालून, दुसऱ्या बाजूने कानावरून, म्हणजे खेळताना निसटायला नको. बटण आरशासमोर उभी राहिली. दादाने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कानाला अडकवायचं आणि डोळ्यावर ओढायचं," तो म्हणाला. "म्हणजे हा कानाडोळा."

त्या दिवसापासून घरात दुसरा शब्द चालला नाही. कानाडोळा घातलास का, कानाडोळा कुठे टाकलास, आज कानाडोळा धुवायला काढ. पाहुण्यांसमोर आई सहज म्हणायची, "हिला सांगून दमले, ही कानाडोळा करत नाही," आणि पाहुणे विचारात पडायचे.

पण शिंपी माणूस, हाताची सवय जाईल कुठे? लेकराचं कापड म्हटलं की शिवणीत माया ठेवायचीच. आतल्या बाजूला कापड जास्तीचं सोडायचं, म्हणजे अंग वाढलं की उसवून मोठं करता येतं. बाबा माया सढळ ठेवायचे. दादाच्या शाळेच्या कोटात इतकी माया होती की आई म्हणायची, यात अजून एक पोरगा बसेल. तशीच त्यांनी कानाडोळ्यातही ठेवली, नाकाच्या बाजूने, दुमडून. चेहरा वाढेल, पुढच्या वर्षी सोडता येईल.

पहिल्या दिवशी कानाडोळा घालून बटण दुकानात निघाली आणि चौकटीला आपटली. कपाळावर टेंगूळ आलं. बाबांनी ते ओल्या फडक्याने बराच वेळ दाबून धरलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नुसतं झाकून भागणार नाही, मोकळ्या डोळ्याला जवळचं, बारीक काम द्या. बारीक कामाला दुकानात काय तोटा? शाळा सुटली की बटणने पुतळ्याशेजारच्या ठेंगण्या स्टुलावर बसायचं आणि सुया ओवायच्या. बाबांना हात-शिवणीला सुया लागायच्याच. ओवलेल्या सुया कापसाच्या गोल गादीवर टोचून ठेवायच्या, शेपट्या लोंबत्या.

सुरुवातीला काही दिसेना. डाव्या डोळ्यापुढे सगळं मळक्या पाण्यात पडल्यासारखं. मग एकदा सुई हातात धरून रडवेली होऊन तिने मान वर केली आणि कानाडोळ्याच्या कडेने, नाकाजवळून, उजेडाची एक चीर दिसली. दुमडलेल्या मायेने तिथली कड जाड झाली होती, ती नाकाला नीट टेकत नव्हती. त्या चिरेतून उजव्या डोळ्याला सुईचं नेढं लख्ख दिसत होतं.

त्यानंतर बटण भराभर सुया ओवायला लागली. हनुवटी वर, मान जराशी कलती, पाणी प्यायलेली कोंबडी आभाळाकडे बघते तशी. गादी रंगीत शेपट्यांनी भरून जायची. बाबा एकेक सुई उपसून घ्यायचे आणि म्हणायचे, "वा. आमचा कारागीर तयार झाला."

ते दिवस तिला नंतर फार आठवायचे. दुकानात ऊन तिरपं यायचं, त्यात लोकरीचे तंतू तरंगायचे. मशीन थांबलं की समोरच्या सायकलवाल्याचा हातोडा ऐकू यायचा. बाबा खडूने कापडावर रेघ ओढताना ओठांनी आवाज काढायचे, जणू रेघच बोलतेय. आणि आपण बाबांना बरं फसवलं, या आनंदात बटण दुसरी सुई उचलायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची चित्रं दाखवली. होडी, घर, पक्षी. उजवा डोळा झाकल्यावर बटणला होडीसुद्धा सांगता येईना. मागच्या वेळी होतं तिथेच होतं सगळं.

"घालते ना रोज?" त्यांनी विचारलं.

"न चुकता," बाबा म्हणाले.

त्यांनी कानाडोळा तिच्या डोळ्यावर चढवला, लहान बॅटरी नाकाच्या बाजूने धरली आणि बाबांना जवळ बोलावलं. "शिवलंय फार सुंदर. कुणी?"

"मीच."

"पण इथून उजेड जातोय, बघा. चांगला डोळा इथून बघतो. इथे हे जाड काय आहे?"

"माया आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"माया. वाढत्या अंगाला ठेवावी लागते."

बाई हसल्या नाहीत. "ती काढा," त्या म्हणाल्या. "नाहीतर हा डोळा कायमचा जाईल. दिसायला डोळा राहील, पण बघायचा नाही. मग तुम्ही आणि मी दोघांनी मिळूनही काही करता येणार नाही."

घरी येईपर्यंत बाबांनी बटणचा हात सोडला नाही. तिला वाटलं, आता मार बसणार. ती आतल्या खोलीत जाऊन गाद्यांमागे बसली. बाहेर आईचा आवाज आला, हळू पण धारेचा.

"पोर कोंबडीसारखी मान वर करून सुया ओवते, हे मला डबा द्यायला दुकानात गेल्यावर दिसलं. तुम्ही अख्खा दिवस तिच्यासमोर. तुम्हाला दिसलं नाही?"



"दिसत होतं," बाबा म्हणाले.

"मग?"

"त्या दिवशी चौकटीला आपटली ना ती. टेंगूळ केवढं आलं होतं. मला वाटलं, थोडं दिसू दे. मी कानाडोळा केला."

दादा जवळच होता. एरवी अशा शब्दावर त्याने उडी मारली असती.

मग बाबांनी हाक मारली. बटण बाहेर आली तर ते दिव्याखाली बसले होते, ब्लेडच्या टोकाने कानाडोळ्याची नाकाकडची शिवण उसवत. दुमडलेलं कापड सरळ झालं, चंद्रकोरीएवढं. कोटाच्या कापडात त्यांनी कधी माया कापली नव्हती. गिऱ्हाइकाने सांगितलं तरी "राहू द्या आत, काही मागत नाही ती" म्हणायचे. त्यांनी कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. आणि शिवणीला लागून कापून टाकली.

कानाडोळा आता असा बसला, की काळोख म्हणजे काळोख.

पुढचे दिवस वाईट गेले. बटण चौकटीला आपटली, स्टुलाला अडखळली, पुतळ्याला गिऱ्हाईक समजून "बाबा आता येतील" म्हणाली. बाबांनी सुई बदलली. आधी गोणपाट शिवायचा दाभण आणि सुतळी दिली, मग लोकरीची जाड सुई. दाभणही जमेना. धागा नेढ्याच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, बोटांत घाम यायचा. तिने एकदा दाभण फेकून दिला. बाबांनी तो उचलून पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते तिच्याकडे बघेनासे झाले. ती स्टुलावर बसली की ते मशीन सोडून उठायचे, तिच्याकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि हातातला कोट तसाच उभ्याने टाचायचे. त्यांची रुंद पाठ, त्यावर आडवी गेलेली टेप, एवढंच तिच्या डाव्या डोळ्याला धुरकट दिसायचं. आपण फसवलं म्हणून बाबांनी पाठ फिरवली, असं तिने ठरवून टाकलं. ते तिच्या मनात कुठेतरी कायम राहिलं, टोचायचं थांबलं तरी, हरवलेली टाचणी कापडात राहते तसं.

सुयांची गादी किती दिवस रिकामी होती कोण जाणे. एका दुपारी धागा गेला. लोकरीच्या सुईत, तांबडा. तिने खात्री करायला ओढून पाहिला, पलीकडून आला. तिने हाक मारली नाही. बाबांची पाठच होती ना.

पण बाबा तेवढ्यात वळले. जवळ आले, सुई उजेडाकडे धरून बघितली आणि परत तिच्या हातात दिली.

"गाठ मार," ते म्हणाले.

एवढंच. मग ते खडू शोधायला काउंटरखाली वाकले आणि खूप वेळ वाकूनच राहिले. खडू तर त्यांच्या कानावर होता.

डावा डोळा नंतर उठला. उजव्याएवढा कधीच झाला नाही, पण होडी, घर, पक्षी सगळं सांगायला लागला, आणि पुढे जन्मभर पुस्तकं शिवायच्या कामाला पुरला. बाबांना सत्तरीपर्यंत सुया बटणनेच ओवून दिल्या. त्या दिवसांबद्दल मात्र दोघांत कधी बोलणं निघालं नाही.

बटण आत्याने रीळच्या कपाळाला टेप लावली. रीळ स्थिर राहील तर शपथ. लोकर, काळं अस्तर, मध्ये पुस्तकाच्या पाठीला लावतात ते जाळीचं कापड, कारण कॅनव्हास नव्हता. चूण घातली. पळी घेतली, पण स्टीलची, आणि स्वतःचीच, म्हणून कुणी ओरडलं नाही. सून बघत होती.

"आत्या, जरा सैल ठेवाल का?" ती अगदी हळू म्हणाली. "घाबरते हो ती. काल खाटेला धडकली. थोडंसं दिसलं तर निदान... सवय होईपर्यंत."

बटण आत्याची कात्री नाकाच्या कडेशी थांबली. तिने सुनेकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, झोप नसलेलं तोंड. दुमडलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. कुणाला कळलंही नसतं.

"माया ठेवली की फट राहते," ती म्हणाली आणि कापलं.

रीळने नवा कानाडोळा घातला. लगेच हनुवटी वर गेली, मान कलती झाली. बटण आत्याला ओठ दाबून धरावे लागले. रीळने मान इकडून कलवली, तिकडून कलवली. फट काही सापडेना.

"आत्याआजी, तुझी शिलाई चांगली नाही."

"फार वाईट आहे," बटण आत्या म्हणाली. "हे घे."

तिने गठ्ठे शिवायची मोठी सुई आणि जाड दोरा रीळच्या हातात दिला. रीळने दोरा तोंडात घालून ओला केला आणि नेम धरला. दोरा सुईच्या शेजारून निघून गेला. पुन्हा. पुन्हा. रीळचा खालचा ओठ थरथरायला लागला. बटण आत्याचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो मागे घेतला, पण डोळ्यांचं काय करायचं कळेना. पोरीकडे असं बघत राहिलं तर हात पुन्हा पुढे जाणार हे नक्की, आणि रीळ तर तिच्याच तोंडाकडे बघत होती, कधी घेतेय सुई म्हणून.

"तू बघू नकोस," रीळ म्हणाली.

"नाही बघत."

ती उठली आणि पाठ फिरवून काचेच्या कपाटापुढे उभी राहिली. आत शिवून झालेली पुस्तकं होती, आणि काचेवर खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडात मागची अख्खी खोली. स्टुलावर रीळ. करडा कानाडोळा. जिभेचं टोक बाहेर. दोरा निसटतोय, पुन्हा धरला जातोय, पोर हट्टाला पेटलीय.

बटण आत्या काचेत बघत राहिली. आणि दुकान तिच्यापुढे उभं राहिलं, जसंच्या तसं. इकडे पुतळा, पुतळ्याशेजारी ठेंगणं स्टूल. आणि समोर, बाबा जिकडे तोंड करून उभे राहायचे त्या बाजूला, भिंतभर आरसा.

"आत्याआजी, तू बघत नाहीयेस ना?" मागून आवाज आला.

"नाही गं," ती म्हणाली आणि पदराने काच पुसली, जरा स्वच्छ दिसावं म्हणून.